मुद्दलाला हात न लावता हसू सुधारता येतं का?

चिनी मातीचे सोळा नकली दात एका पट्टीत ओळीने खोचलेले असतात. प्रत्येकावर एक अक्षर आणि एक आकडा: ए१, ए२, बी३, डी४. आम्ही दंतवैद्य तिला शेड गाइड म्हणतो. पेशंटला खिडकीजवळ बसवायचं, ओठांना लिपस्टिक असेल तर पुसायला सांगायचं आणि एकेक नकली दात खऱ्या दाताला भिडवून बघायचा. हे काम झटपट उरकावं लागतं, कारण तोंड थोडा वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि सुकलेला दात ओल्या दातापेक्षा पांढरा दिसतो. ही पट्टी १९५६ मध्ये जर्मनीत निघाली. दातांचा रंग कागदावर लिहायचा तर जगभरचे दवाखाने अजून तिचीच अक्षरं वापरतात.

आरसा हातात दिला की बहुतेकांचं बोट थेट सर्वांत पांढऱ्या दातावर जातं. "हा." मग मी म्हणते, आता आरशात स्वतःच्या डोळ्यांतलं पांढरं बघा. दात त्याहून पांढरे झाले की समोरचा माणूस बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघत राहतो. यावर काहीजण विचारात पडतात. काहीजण म्हणतात, "चालेल, हाच द्या."

रंगावरून मी वाद घालत नाही, ती ज्याची त्याची आवड. वाद घालते तो दुसऱ्या गोष्टीवरून. हसू सुधारण्याचे उपाय आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्नही ठरलेले आहेत: किती दिवसांत होईल, किती टिकेल, दुखेल का. या सगळ्यांच्या आधी यायला हवा तो प्रश्न फार थोडे लोक विचारतात. यासाठी माझा दात किती तासला जाणार, आणि उद्या नकोसं वाटलं तर परत फिरता येईल का?

पांढरे दात पांढरे नसतात

दातावरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनाने सुमारे ९६ टक्के निव्वळ खनिज. पण कठीण असलं तरी ते जाड नसतं. पुढच्या दातांवर हिरडीपाशी जेमतेम तीन-चार दशांश मिलिमीटर, दाताच्या टोकाकडे एक मिलिमीटरच्या आसपास. शिवाय इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याच्या सुमारासच संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. इनॅमल गेलं की गेलं. लाळेतली खनिजं नुकती मऊ पडलेली जागा थोडीफार सावरून घेतात, पण तासलेला थर कुठलीच पेस्ट परत आणत नाही. जन्मभराची ठेव आहे, व्याज शून्य, फक्त खर्च. म्हणून मी त्याला मुद्दल म्हणते.

गंमत अशी की हे मुद्दल पांढरं नसतंच. इनॅमल अर्धपारदर्शक असतं, दुधी काचेसारखं. आपल्याला दातांचा रंग म्हणून दिसतो तो बराचसा त्याच्या आतल्या थराचा, म्हणजे डेंटीनचा, आणि डेंटीन स्वभावतःच पिवळसर. वय वाढतं तसं वरचं इनॅमल झिजतं आणि आतलं डेंटीन जाड होत जातं, त्यामुळे रोज नीट घासणाऱ्यांचेही दात साठीत पिवळे दिसतात. सुळे शेजारच्या पटाशीच्या दातांपेक्षा गडद दिसतात तेही आत डेंटीन जास्त म्हणून. तिथे जोर लावून घासण्यात काही अर्थ नसतो. उलट हिरडी खाली सरकते आणि मुळाचा आणखी पिवळा भाग उघडा पडतो.

तेव्हा दात पिवळे आहेत एवढ्या माहितीवर उपाय ठरत नाही. डाग बाहेरून बसलाय की आत आहे हे आधी बघावं लागतं. चहा, कॉफी, तंबाखू यांचे डाग बाहेरचे. हिरड्यांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आठवडेच्या आठवडे चालू ठेवला तर त्यानेही तपकिरी डाग पडतात. हे सगळं क्लिनिंगने निघतं. व्हाइटनिंग करायला आलेले कितीतरी लोक क्लिनिंगनंतर आरसा बघतात आणि म्हणतात, एवढं पुरे आहे की. त्यांना परत पाठवताना मला बरं वाटतं.

"क्लिनिंगने दात हलतात, फटी पडतात" ही भीती इथेच निकालात काढू. दातांच्या सांध्यांत कीटण साचून दगड झालेलं असतं. ते काढलं की जी फट दिसते ती आधीपासूनच होती, कीटणाने बुजलेली. दात हलत असेल तर त्याच कीटणामुळे खालचं हाड आधीच झिजलेलं असतं. निखळलेल्या भिंतीला कोळ्याच्या जाळ्याचा आधार होता म्हणण्यासारखं ते आहे.

आतले डाग वेगळे. दात घडत असताना पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं तर पांढरे किंवा तपकिरी चट्टे येतात. आठ वर्षांच्या आत टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर दातांवर करडे-तपकिरी पट्टे येतात. लहानपणी मार बसून आतली नस मेलेला दात हळूहळू काळवंडतो. यांच्यावर क्लिनिंग चालत नाही.

ब्लीचिंग: रंग जातो, दात जागेवर राहतो

ब्लीचिंगचा शोध ओढूनताणून लागलेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आर्कान्सामधल्या बिल क्लुसमायर नावाच्या तारांच्या डॉक्टरांनी एका पेशंटला सुजलेल्या हिरड्यांसाठी जंतुनाशक औषध दिलं आणि ते रात्री दातांवरच्या साच्यात घालून झोपायला सांगितलं. हिरड्या सुधारल्या, आणि दातही उजळले. त्या औषधात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि मग ती जगभर गेली.

काम कसं होतं ते सोपं आहे. कार्बामाइड पेरॉक्साइड फुटून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. १० टक्के जेलमधून साधारण ३.५ टक्के. त्याचे रेणू इतके लहान असतात की इनॅमल ओलांडून ते डेंटीनपर्यंत पोचतात आणि तिथले रंगाचे मोठे रेणू तोडतात. तुटलेले तुकडे प्रकाश कमी शोषतात, दात फिका दिसतो. मुद्दल जागच्या जागी राहतं, म्हणून रंगाची तक्रार असेल तर मी पहिला विचार याचाच करते.

घरी करायचं ब्लीचिंग म्हणजे तुमच्या दातांचं माप घेऊन बनवलेला पातळ पारदर्शक साचा, त्यात जेलचे ठिपके, आणि दोन-तीन आठवडे रोज रात्री तो घालून झोपणं. दवाखान्यातल्या जेलमध्ये पेरॉक्साइड २५ ते ४० टक्के असतं, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावावा लागतो. नाहीतर हिरडी भाजून पांढरी पडते. दवाखान्यात तासाभरात फरक दिसतो, हे खरं. पण त्यातला थोडा फरक दात सुकल्याचा असतो आणि तो दोन दिवसांत उतरतो. शेवटी दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. तोंडावर निळा दिवा धरला की फोटो झकास येतो, रंगात मात्र त्याने फारशी भर पडत नाही.

दात शिवशिवणं हा ब्लीचिंगचा ठरलेला त्रास. पेरॉक्साइड काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतं, म्हणून थंड पाण्याने कळ येते. एक दिवसाआड करा, पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट वापरा. थांबवल्यावर काही दिवसांत जातं. किडलेला दात किंवा फुटलेलं सिमेंट तसंच ठेवून ब्लीचिंग केलं तर मात्र नुसतं शिवशिवण्यावर भागत नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना थांबलेलं बरं. युरोपीय संघाने २०१२ पासून ६ टक्क्यांपर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड दंतवैद्याच्या हातूनच द्यायचं आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही, असा नियम केला आहे. जेल घ्यायचं तर आधी कुणीतरी तोंडात डोकावलेलं असावं, एवढाच त्याचा अर्थ.

ब्लीचिंगने कॅप आणि सिमेंट उजळत नाहीत, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेजारचे दात उजळले की जुनी कॅप एकदम पिवळी दिसायला लागते आणि लोक म्हणतात कॅपचा रंग बदलला. टेट्रासायक्लिनचे डाग हटायला आठवडे नाही, महिने लागतात. काळवंडलेल्या मेलेल्या दाताचं रूट कॅनाल झालं असेल तर औषध आतूनच भरून ठेवता येतं. त्या एका दातासाठी कॅपची घाई कशाला?

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. तोंडातली आम्लता ५.५ पीएचच्या खाली गेली की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान असतो. कोळशाची पूड म्हणजे पॉलिश पेपर. पहिल्या आठवड्यात दात चकचकीत दिसतात, कारण वरचा डाग निघतो. पुढे इनॅमल निघतं आणि आतला पिवळा जास्त दिसू लागतो. दात पांढरे करायला निघालेला माणूस स्वतःच्या हाताने पिवळे करून बसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हाताच्या जागी दात.

तारा काढल्यावर राहणारे खडूसारखे पांढरे ठिपके हा वेगळा प्रकार आहे. तिथे इनॅमलच्या आत बारीक पोकळ्या झालेल्या असतात. त्यांत पातळ रेझिन, म्हणजे मागाहून घट्ट होणारं प्लास्टिकसारखं द्रव, मुरवलं की ओला कागद जसा आरपार दिसू लागतो तसा ठिपका आसपासच्या दातात मिसळून जातो. सुई नाही, ड्रिल नाही. जुन्या, खोल डागांना मात्र याने पूर्ण गुण येत नाही.

चिकटवण्याची विद्या

पुढच्या दाताची कड तुटली, दोन दातांत फट आहे, एखादा दात जन्मतः बारीक आहे. एकेकाळी अशा वेळी दात गोल तासून त्यावर कॅप बसवत, कारण दातावर काही चिकटतच नसे. हे बदललं १९५५ मध्ये. मायकल बुओनोकोर यांनी पाहिलं होतं की धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी ८५ टक्के आम्ल दातावर ३० सेकंद लावून बघितलं, आणि वर लावलेलं रेझिन पूर्वीच्या कितीतरी पट जास्त दिवस टिकून राहिलं. आजच्या सुंदर दातांच्या निम्म्याहून जास्त करामती या एका प्रयोगावर उभ्या आहेत असं मी म्हणेन.

आता आम्ल ३७ टक्क्यांच्या आसपास असतं, निळ्या जेलच्या रूपात. पंधरा-वीस सेकंद ठेवायचं, धुवायचं, हवेचा फवारा मारायचा. चकचकीत दात बघता बघता खडूसारखा मॅट होतो. म्हणजे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य खाचा पडल्या. त्यांत बाँडिंगचं पातळ द्रव शिरतं आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होतं. मग कंपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाचे थर: आत जरा गडद, वर पारदर्शक, टोकाला किंचित निळसर झाक. थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड ठेवायचा नाही, कारण कंपोझिट घट्ट होताना आकसतं आणि जाड थर खोलवर नीट पिकतही नाही. शेवटचा अर्धा तास नुसतं पॉलिश. खऱ्या दातावर उजेड जिथे वळतो तिथेच तो नकली भागावरही वळला पाहिजे. नाही वळला तर रंग बरोब्बर जुळूनही जोड दिसते.

कंपोझिट बाँडिंगमध्ये बहुतेक वेळा दात तासावा लागत नाही. एका बैठकीत होतं, कोपरा उडाला तर तेवढाच भरता येतो, नको वाटलं तर घासून काढता येतं. उणी बाजूही आहे. चहा-कॉफीने त्यावर झाक येते, अधूनमधून पॉलिश करून घ्यावं लागतं, आणि पाच-सात वर्षांनी बहुधा पुन्हा काम निघतं. नखं किंवा पेनाचं टोपण चावणाऱ्यांचं त्याआधीच. आणि हे सगळं करणाऱ्याच्या हातावर अवलंबून, त्यामुळे डॉक्टरांनी पूर्वी केलेल्या कामाचे फोटो बघायला मागा. चांगला डॉक्टर खुशीने दाखवतो.

व्हेनियर म्हणजे सिरॅमिकची पातळ पापडी, दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली. तिचा उगम सिनेमातला. १९३० च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चिनी मातीची पातळ आवरणं कवळीच्या चिकट पावडरीने बसवत. कॅमेरा थांबला की आवरणं काढून ठेवायची, कारण ती टिकतील असं चिकटवण्याचा मार्गच नव्हता. तो सापडायला १९८३ उजाडलं: चिनी मातीलाही आतून हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडता येतं आणि मग दात आणि सिरॅमिक दोन्ही रेझिनला घट्ट धरतात, हे सिमॉन्सन आणि कॅलामिया यांनी दाखवलं.

हातात घेतलं तर व्हेनियर बोटाच्या नखाएवढं जाड असतं, साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. चिमटीत जोर लागला तर कट्कन मोडेल. तेच दातावर चिकटलं की दहा-पंधरा वर्षं सहज जातं, कारण ताकद त्याची स्वतःची नसते, खालच्या इनॅमलची असते. म्हणून तासताना इनॅमलच्या आतच थांबणं हे या कामातलं खरं कसब. डेंटीन लागलं की पकड कमी होते. अजिबात न तासता लावलेली व्हेनियरं बारीक किंवा आत झुकलेल्या दातांवर छान बसतात. आधीच पुढे आलेल्या दातांवर लावली तर ओठ पुढे येतात.

आता जरा हिशेब करू. बावीस वर्षांच्या मुलाने व्हेनियर बसवली आणि एक खेप बारा वर्षं टिकली असं धरू. चौतिसाव्या वर्षी दुसरी, शेहेचाळिसाव्या वर्षी तिसरी, मग अठ्ठावन्न, मग सत्तर. प्रत्येक खेपेला जुनी काढताना थोडा दातही जातो. पन्नाशीतल्या माणसाला मी हे गणित सांगून गप्प बसते. बावीसच्या मुलाला सांगून घरी पाठवते, विचार करून या म्हणून.

झोपेत दात खाणाऱ्यांना आणखी एक अट: रात्रीचा गार्ड घालायचाच. नाहीतर सिरॅमिक आणि दात यांपैकी एक तुटणार, हे ठरलेलं.

कॅपचा मोह

एक मुलगी आली होती, पंचविशीच्या आतली. वरचे पुढचे दहाच्या दहा दात कॅपचे, सगळे एका रंगाचे, एका मापाचे, शिपायांच्या रांगेसारखे. दुसरीकडे करून घेतलेले. तक्रार होती दोन दातांच्या ठणक्याची. जुने फोटो बघितले: दात निरोगी होते, नुसते वेडेवाकडे. तिला पंधरा दिवसांत सरळ हवे होते आणि कुणीतरी ते करून दिलं होतं.

दहा दात गोल, निमुळते तासल्याशिवाय कॅप बसत नाही. २००२ मध्ये पुढच्या दातांची मोजदाद करून छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की व्हेनियरसाठी दाताच्या वरच्या भागाचं ३ ते ३० टक्के वजन जातं, कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणजे दोन-तृतीयांश दात भुकटी होऊन नळीतून वाहून जातो. एवढा तासल्यावर आतल्या नसेला धक्का बसतोच. काही दातांची नस पुढे काही वर्षांत मरते आणि रूट कॅनाल करावं लागतं. त्या मुलीच्या दोन दातांचं तेच झालं होतं.

कॅप हा वाईट उपाय नाही. रूट कॅनाल झालेला, निम्मा तुटलेला, मोठमोठ्या सिमेंटांनी भरलेला दात कॅपनेच वाचतो. तिथे मुद्दल आधीच गेलेलं असतं आणि कॅप उरलेलं राखते. धडधाकट वाकडा दात सरळ दाखवण्यासाठी कॅप घालणं मात्र मला कधीच पटलेलं नाही.

सरकवलेला दात शाबूत राहतो

दात हाडात रोवलेला खुंटा नव्हे. मूळ आणि हाड यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. हलका दाब बराच काळ दिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं तयार होतं, दात सरकतो. महिन्याला एक मिलिमीटर म्हणजे चांगला वेग. जोर वाढवून वेग वाढत नाही. उलट तंतूंचा रक्तपुरवठा दबतो आणि दात अडून बसतो. घाई करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की हाडाला घड्याळ कळत नाही.

तारा आणि अलायनर या दोन्हींमागचं तत्त्व हेच. अलायनरचा जम बसला १९९७ नंतर. झिया चिश्ती या विद्यार्थ्याला स्वतःच्या रिटेनरवरून, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला देतात त्या साच्यावरून, ती कल्पना सुचली आणि केल्सी वर्थ यांच्याबरोबर त्यांनी कंपनी काढली. एकेक पारदर्शक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, मग पुढचा साचा. दिवसाला वीस ते बावीस तास तोंडात हवा. खिशात ठेवलेल्या अलायनरने दात सरकत नाहीत. गोल सुळे फिरवणं, दात खाली ओढून आणणं अशा कामांत तारांचा हात अजून वरचढ आहे. दाटी फार असेल तर दातांच्या कडा दशांश मिलिमीटरने घासून जागा करतात, तेवढा मुद्दलाला धक्का लागतो, पण तो कॅपच्या मानाने किरकोळ. वयाची अट नाही. हिरड्या निरोगी हव्यात, ही अट आहे.

आणि मग रिटेनर. हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि एरवीही दात जन्मभर थोडेथोडे सरकतच असतात. तेव्हा रिटेनर किती दिवस घालायचा याचं उत्तर आहे, जितके दिवस दात सरळ हवेत तितके दिवस. जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेले रिटेनर ताटाबरोबर उचलले जातात. असे किती गेले याची मी मोजदाद सोडून दिली आहे. डबी वापरा.

हसताना दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात, हीसुद्धा नेहमीची तक्रार. तिची तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींची वाट वेगळी. हिरडी दातावर जास्त उतरली असेल तर ती कापून नीट करता येते; मात्र हाडाच्या वर साधारण दोन मिलिमीटर हिरडी दाताला धरून राहायला लागते, तेवढी न ठेवता कापली तर पुन्हा वाढते. वरचा ओठ जास्त उचलला जात असेल तर बोटॉक्सने तो काही महिने आवरता येतो. जबडाच लांब असेल तर ते मोठ्या शस्त्रक्रियेचं काम. कारण न बघता कुणी लेझर चालू केला तर उठून या.

दातच नसेल तर प्रश्न बदलतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात, करायचा तर दोन्ही बाजूंचे दात तासावे लागतात. ते निरोगी असतील तर इम्प्लांट, म्हणजे लोक ज्याला स्क्रूचा दात म्हणतात तो, जास्त योग्य. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडावर वेगळाच प्रयोग करत होते. शेवटी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेचना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षं चालले. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र इम्प्लांट करत नाहीत. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर खाली येतात, इम्प्लांट जागच्या जागी राहतो आणि काही वर्षांत आखूड दिसायला लागतो.

सुरुवात कुठून?

यांतले दोन-तीन उपाय एकत्र करायचे झाले तर क्रम चुकवू नका. आधी कीड आणि हिरड्या. सुजलेल्या हिरडीशेजारी घेतलेलं माप चुकतं आणि तिथे चिकटवलेलं काही टिकत नाही. मग दात सरळ करणं, कारण सरळ झालेल्या दाताला पुढे फार काही करावंच लागत नाही. मग ब्लीचिंग. त्यानंतर दोन आठवडे थांबायचं: दातात अडकलेला प्राणवायू बाँडिंगला धरू देत नाही आणि रंगही स्थिर व्हायचा असतो. मग कंपोझिट, आणि सिरॅमिक सगळ्यांत शेवटी. सिरॅमिकचा रंग भट्टीत ठरतो. आधी व्हेनियर आणि मागाहून ब्लीचिंग केलं की दोन रंगांचे दात घेऊन फिरावं लागतं.

आणि अचूकपणाचा हट्ट जरा सैल करा. पुढच्या दोन दातांमधली रेघ चेहऱ्याच्या मध्यावर नाही म्हणून लोक बेचैन असतात. १९९९ च्या एका पाहणीत फोटोंमध्ये ही रेघ मुद्दाम बाजूला सरकवून लोकांना दाखवली होती. चार मिलिमीटर सरकवली तरी सामान्य माणसांच्या ती लक्षात आली नाही. दात तिरके केले की मात्र लगेच खुपतं. म्हणजे बाजूला सरकलेलं चालतं, कललेलं चालत नाही.

दाताला हात लावण्याआधी मी मॉकअप करते. मापावर मेणात नवे दात घडवायचे, त्याचा साचा बनवायचा आणि तात्पुरतं मटेरियल भरून तो न तासलेल्या दातांवर दाबायचा. पाच मिनिटांत माणसाला स्वतःच्या तोंडात नवे दात दिसतात. मग मी त्याला एकसष्ट ते सत्तर मोजायला लावते. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट: स आणि ष्ट यांची रांगच आहे ती, दात लांब झाले असतील तर शिट्टी ऐकू येते. मग 'फोटो' म्हणायला सांगते, वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते ते बघायला.

एका गृहस्थांच्या पुढच्या दातांत फट होती आणि एका दाताचा कोपरा उडालेला. मॉकअपमध्ये दोन्ही बुजवलं. त्यांनी मोजलं, हसून बघितलं, आरसा लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "डॉक्टर, हा मी वाटत नाही. फट राहू द्या. कोपरा तेवढा भरा." मॉकअप चिमट्याने उचलून काढला, कोपऱ्यावर निळं जेल लावलं. चाळीस मिनिटांचं काम निघालं, इंजेक्शनही लागलं नाही.